रनसर्व्हर चालतोय, पण पान उघडत नाही: व्हर्च्युअल मशीनमध्ये जँगो बसवताना काय आत ठेवायचं आणि काय बाहेर

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, साइट पुढे उबुंटूच्या सर्व्हरवर चालणार आहे, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हॅग्रंट (तसा संगणक लिहिलेल्या कृतीवरून उभा करणारं साधन) घेऊन तुम्ही उबुंटूचं मशीन उभं केलंत आणि त्यात जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, बसवलंत. आतल्या टर्मिनलमध्ये रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा डेव्हलपमेंटपुरता सर्व्हर, १२७.०.०.१:८००० वर चालू असल्याचं सांगतो, पण विंडोजच्या ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारी कमांड, सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) तक्रारीवर अडतं. फाइल सेव्ह केल्यावर सर्व्हर पुन्हा उभा राहायला फार वेळ घेतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं गुंडाळून सरळ डॉकर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन, घ्यावं का.

तक्रारी चार दिसतात, पण मुळातला प्रश्न एकच आहे. तुमच्या टेबलावर आता एक नाही, दोन संगणक आहेत. बाहेरचं विंडोज म्हणजे होस्ट, आतलं उबुंटू म्हणजे गेस्ट. दोघांची फाइल सिस्टिम वेगळी, नेटवर्क वेगळं, घड्याळसुद्धा वेगळं. कोड कुठे राहणार, लायब्ररी कुठे, डेटाबेस कुठे, सर्व्हर कोणत्या बाजूचं ऐकणार, ही वाटणी तुमच्याकडे कोणी ठरवलेलीच नाही. इन्स्टॉल करताना जे जिथे पडलं तिथे ते आहे. बहुतेक ट्यूटोरियल काय इन्स्टॉल करायचं ते सांगतात आणि इथे हात झटकतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. रॅम १६ जीबी असेल तर मशीनला ४ जीबी बिनधास्त द्या. ८ जीबी असेल तर २ वर भागवावं लागेल आणि ब्राउझरचे टॅब मोजून उघडावे लागतील. लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलंच लिनक्स) किंवा डॉकर डेस्कटॉप आधीच चालू असेल तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं इंजिन, हायपर-व्ही, जागं असतं आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतं. चालतं, पण हळू चालतं. मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल तर तेच कारण. तुमच्या टीममध्ये कोणाकडे अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपचा मॅक असेल तर त्याला तुमचा बॉक्स (व्हॅग्रंटच्या मशीनचा तयार साचा) जसाच्या तसा चालणार नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून, म्हणजे २०२४ पासून, अशा मॅकवर चालतं, पण आतलं मशीनही त्याच चिपच्या प्रकारचं, म्हणजे एआरएमचंच लागतं. एकटेच काम करत असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

आता माझी कामाची पद्धत ज्यावर उभी आहे ती गोष्ट. व्हर्च्युअल मशीन हे कोणत्याही दिवशी टाकून देता आलं पाहिजे. व्हॅग्रंट डिस्ट्रॉय चालवला, नंतर व्हॅग्रंट अप, चहा होईपर्यंत सगळं पुन्हा जागेवर. हे जमत नसेल तर तुम्ही डेव्हलपमेंटचं वातावरण बनवलेलं नाही, हाताने जपावा लागणारा आणखी एक संगणक विकत न घेता मिळवला आहे. हा नियम एकदा धरला की वाटणी आपोआप सुटते. कोडची खरी प्रत गिटच्या रिमोटवर. मशीन बनवण्याची कृती व्हॅग्रंटफाइल आणि एका शेल स्क्रिप्टमध्ये, आणि तीही गिटमध्ये. डेटाबेसमधला डेटा एकतर पुन्हा तयार करता येणारा, नाहीतर डंप करून, म्हणजे एका फाइलमध्ये उतरवून, बाहेर ठेवलेला. या तिन्हींपैकी कशातही न बसणारी जी गोष्ट मशीनमध्ये असेल, ती उद्या जाणार आहे असं समजून चाला.

पान का उघडत नाही ते आधी पाहू, कारण ते सगळ्यात लवकर सुटतं.

१२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःपुरता असतो. गेस्टमधला रनसर्व्हर त्या पत्त्यावर ऐकतो तेव्हा तो गेस्टच्या आतूनच आलेल्या हाका ऐकतो. व्हर्च्युअलबॉक्सचं नेहमीचं नेटवर्क नॅट पद्धतीचं, म्हणजे गेस्टला होस्टच्या आड ठेवणारं असतं. त्यात गेस्टला साधारणपणे १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगने, म्हणजे होस्टचं एक पोर्ट गेस्टच्या पोर्टला जोडून, बाहेरून आलेली जोडणी त्या पत्त्यावर येऊन पोचते. तिथे कोणी ऐकतच नसेल तर ती परत फिरते. म्हणून रनसर्व्हरला ०.०.०.०:८००० असा पत्ता स्पष्ट द्यावा लागतो, म्हणजे तो गेस्टच्या सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकतो. ही फक्त जँगोची खोड नाही. फ्लास्क ५००० पोर्टवर हेच करतो, रेल्स ४.२ आवृत्तीपासून ३००० वर हेच करतं, लारावेलच्या आर्टिसन सर्व्हलाही होस्ट वेगळा सांगावा लागतो. सगळ्यांनी सुरक्षेचा विचार करूनच हे ठेवलं आहे.

पण नुसतं वाचून पत्ता बदलण्याआधी ब्राउझर नेमकं काय म्हणतोय ते बघा, त्यावरून दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं. जोडणी सरळ नाकारली, रिफ्यूज्ड असं आलं, तर होस्टच्या त्या पोर्टवर कोणीच नाही. म्हणजे व्हॅग्रंटफाइलमध्ये फॉरवर्डिंगची ओळ नाही, किंवा ओळ लिहिली पण त्यानंतर व्हॅग्रंट रिलोड केलं नाही. जोडणी रिसेट झाली किंवा उत्तर रिकामं आलं असं दिसलं, तर व्हर्च्युअलबॉक्सने दार उघडलं, पण आत गेस्टमध्ये कोणी भेटलं नाही. तुमची अवस्था बहुधा हीच आहे. आणि जँगोचंच एररचं पान आलं, ४०० क्रमांकाचं आणि डिसअलाउड होस्ट म्हणणारं, तर अभिनंदन, नेटवर्क जुळलं आहे, आता फक्त सेटिंग राहिलं आहे.

त्या सेटिंगबद्दल. डीबग चालू असेल आणि अलाउड होस्ट्सची यादी रिकामी असेल तर जँगो लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ या नावांनी आलेली विनंती स्वीकारतो. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग वापरून लोकलहोस्ट:८००० उघडलं तर काही करावं लागत नाही. मशीनला १९२.१६८.५६.१० सारखा खासगी पत्ता देऊन त्या पत्त्याने पान उघडलं तर मात्र तो पत्ता यादीत घालावा लागतो. तिथे तारांकन टाकून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांना होतो. डेव्हलपमेंटच्या वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये असेल तर मी त्यावर भांडत बसत नाही, पण एकच सेटिंग फाइल असेल तर ते तारांकन एक दिवस प्रत्यक्ष सर्व्हरवर जातंच.

एक धोका इथेच सांगून टाकतो. गेस्टमध्ये ०.०.०.० वर ऐकणं हे नॅटच्या आड असेपर्यंत निरुपद्रवी आहे. पण व्हॅग्रंटचं साधं पोर्ट फॉरवर्डिंग होस्टच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं. म्हणजे तुम्ही एखाद्या सार्वजनिक वायफायवर बसला असाल आणि विंडोजच्या फायरवॉलने अडवलं नाही, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही तुमची अर्धवट साइट दिसू शकते, आणि डीबगचं पान तर तुमच्या कोडचे तुकडेही दाखवतं. फ्लास्कच्या डीबगरमधून कोड चालवताही येतो, तिथे प्रकरण आणखी गंभीर. फॉरवर्डिंगच्या त्याच ओळीत होस्ट आयपी म्हणून १२७.०.०.१ लिहा, काम झालं. आणि ब्रिज्ड नेटवर्क, ज्याला व्हॅग्रंट पब्लिक नेटवर्क म्हणतं, ते मोबाइलवर साइट तपासायची असल्याशिवाय घेऊच नका.

आता संथपणा आणि एनपीएम. या दोन्हींचं मूळ शेअर्ड फोल्डर आहे, आणि खरी डोकेदुखी तीच असल्यामुळे इथे जरा सावकाश जाऊ.

व्हॅग्रंट तुमचं प्रोजेक्टचं फोल्डर आपणहून गेस्टमध्ये व्हॅग्रंट याच नावाने जोडून देतं. दिसायला ते लिनक्सचं फोल्डर असतं, पण फाइल्स खरं तर विंडोजच्या एनटीएफएसवरच पडलेल्या असतात आणि मधे व्हर्च्युअलबॉक्सचा दुभाषी बसलेला असतो. एखादी मोठी फाइल वाचायची तर फारसा फरक जाणवत नाही. हजारो छोट्या फाइल्सची चौकशी करायची तर प्रत्येक चौकशी त्या दुभाष्यामार्फत जाते आणि काम तिथे तुंबतं. जँगोचा स्वतःहून रिलोड होणारा सर्व्हर नेमकं हेच करतो. त्याचा नेहमीचा रिलोडर दर सेकंदाला लोड झालेल्या प्रत्येक मॉड्यूलच्या फाइलची बदलाची वेळ तपासतो. तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (पायथनच्या लायब्ररींचं वेगळं फोल्डर) प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच असेल, आणि वर्णनावरून तसंच वाटतंय, तर जँगो स्वतः आणि तुम्ही घेतलेली प्रत्येक लायब्ररी या तपासणीत येते. दर सेकंदाला. त्यातून वेग मिळणं कठीण.

इथे उलटी गंमतही आहे. दर सेकंदाला वेळ तपासण्याची ही पद्धत हळू असली तरी शेअर्ड फोल्डरवर निदान चालते. जे वॉचर, म्हणजे फाइलवर नजर ठेवणारे प्रोग्राम, लिनक्सच्या आयनोटिफाय सूचनांवर (फाइल बदलली की कर्नल देतो त्या) विसंबतात, त्यांना विंडोजच्या बाजूने केलेला बदल कळतच नाही, कारण तो बदल लिनक्सच्या कर्नलमधून गेलेलाच नसतो. कोणीतरी वेग वाढेल म्हणून जँगोला वॉचमन नावाचा असा वॉचर जोडायला सांगतं, आणि मग रिलोडच बंद पडतं. व्हीट, वेबपॅक, रेल्सचा इव्हेंटेड वॉचर, सगळ्यांची हीच कथा. तिथे पोलिंग (ठरावीक वेळाने फाइल्स तपासत राहणं) चालू करावं लागतं आणि पोलिंग म्हणजे पुन्हा तीच हजारो फाइल्सची चौकशी.

एनपीएमचं अडणं सिमलिंकमुळे. नोड मॉड्यूल्स या एनपीएमच्या पॅकेजांच्या फोल्डरच्या आत बिन नावाचं फोल्डर असतं, त्यात एनपीएम सिमलिंक तयार करतं. फोल्डर विंडोजवर असल्यामुळे त्या सिमलिंकला विंडोजची परवानगी लागते, आणि ती साध्या वापरकर्त्याला डेव्हलपर मोड चालू केल्याशिवाय नसते. एनपीएमला बिन लिंक्स बनवू नकोस असं सांगता येतं, पण मग पॅकेजच्या स्क्रिप्ट्स त्या कमांड शोधत बसतात आणि तुम्ही एका अडचणीच्या जागी दुसरी घेता. फाइलच्या मालकीचंही तसंच आहे. शेअर्ड फोल्डरमध्ये मालक आणि परवानग्या जोडतानाच ठरतात, नंतर सीएचमॉड ही परवानग्या बदलण्याची कमांड चालवली तरी काही बदलत नाही, आणि एररही येत नाही. म्हणून एसएसएचची खासगी की तिथे ठेवली की एसएसएच ती वापरायला नकार देतं, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचं डेटा फोल्डर तिथे नेलं की पोस्टग्रेस सुरूच होत नाही. एसक्यूएलाइटची फाइलसुद्धा तिथे ठेवू नका. अशा जोडलेल्या फोल्डरवर फाइल लॉक भरवशाचे नसतात.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत आणि दोन्ही मी वापरतो.

पहिली वाट, कोड बाहेर ठेवायचा पण त्याच्याशिवाय काहीही बाहेर ठेवायचं नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट गेस्टच्या होम फोल्डरमध्ये, नोड मॉड्यूल्स गेस्टमध्ये बनवून बाइंड माउंटने (एका जागचं फोल्डर दुसऱ्या जागी दाखवून) प्रोजेक्टमध्ये जोडलेले, डेटाबेस गेस्टमध्ये, अपलोड केलेल्या फाइल्सचं मीडिया फोल्डरही गेस्टमध्ये. एवढ्यानेच रिलोडचा वेळ बराच खाली येतो, मात्र तुमच्या लायब्ररींची तपासणी आता लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर होते म्हणून, तुमचा कोड अजूनही दुभाष्यामार्फतच वाचला जातो. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावून स्टॅटिक फाइल्स त्याच शेअर्ड फोल्डरमधून देत असाल तर त्याचं सेंडफाइल हे सेटिंग बंद करा. नाहीतर सीएसएस बदलूनही जुनीच येत राहते आणि माणूस ब्राउझरचा कॅश साफ करत बसतो.

दुसरी वाट, कोडसुद्धा आत. गेस्टच्या होम फोल्डरमध्ये गिट क्लोन करायचं आणि एडिटर बाहेरून एसएसएचने जोडायचा. व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच एक्स्टेन्शन यासाठीच आहे. व्हॅग्रंट एसएसएच-कॉन्फिग चालवलं की जोडणीचा सगळा मजकूर छापून मिळतो. तो विंडोजवरच्या तुमच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये टाकायचा. खिडकी विंडोजवर, पण फाइल्स, टर्मिनल, पायथनचं लिंटिंग, डीबगर, सगळं लिनक्सवर. सिमलिंक चालतात, परवानग्या चालतात, आयनोटिफाय चालतं, आणि फाइलच्या नावातल्या लहानमोठ्या अक्षरांचा फरकही लिनक्सप्रमाणेच कडक लागू होतो. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण विंडोजवर टेम्प्लेटच्या नावातलं एखादं कॅपिटल अक्षर चुकलं तरी चालून जातं आणि तेच प्रत्यक्ष सर्व्हरवर टेम्प्लेट सापडत नाही म्हणून कोसळतं. शेअर्ड फोल्डरमध्ये काम केलं तर मशीन उबुंटूचं असूनही ही चूक पकडली जात नाही, कारण खालची डिस्क विंडोजचीच असते.

तुमच्यासाठी मी दुसरी वाट सुचवेन. तिची किंमत एकच आहे. पुश न केलेला कोड डिस्ट्रॉयबरोबर जातो. दिवस संपताना अर्धवट काम का होईना, स्वतःच्या ब्रँचवर पुश करायची सवय नसेल तर पहिलीच वाट धरा, उगाच जोखीम नको. गिटसाठी खासगी की गेस्टमध्ये कॉपी करू नका. विंडोजचा एसएसएच एजंट चालू करा, त्यात की जोडा आणि व्हॅग्रंटफाइलमध्ये एजंट फॉरवर्डिंग चालू करा. मशीन टाकून दिलं तरी की सुरक्षित बाहेर राहते.

या वाटेवर शेअर्ड फोल्डर पूर्ण बंद करू नका. व्हॅग्रंटफाइल आणि सेटअपची स्क्रिप्ट विंडोजवरच्या एका छोट्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, तेवढंच फोल्डर आत जोडलेलं राहू द्या. डेटाबेसचे डंप, एखादी एक्सेल फाइल, अशी ये-जा करायला ते सोयीचं पडतं.

इथवरचं थोडक्यात: सर्व्हर ०.०.०.० वर, फॉरवर्डिंग होस्टच्या १२७.०.०.१ पुरतं, कोड आणि लायब्ररी गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर, एडिटर एसएसएचने. तुमच्या पहिल्या तीन तक्रारी इथे संपायला हव्यात.

आता मशीन बनवण्याची कृती. बॉक्स निवडताना नवेपणा बघू नका, प्रत्यक्ष सर्व्हरवर जे आहे तेच घ्या. उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० आणि पोस्टग्रेस १४ मिळतं, २४.०४ वर पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६. जँगो ५.२ ला दोन्ही चालतात, पण घरी एक आणि सर्व्हरवर दुसरं ठेवलं तर व्हर्च्युअल मशीन घेण्याचा मूळ हेतूच गेला. उबुंटूने २४.०४ पासून स्वतःचे व्हॅग्रंट बॉक्स काढणं थांबवलं आहे, म्हणून त्या आवृत्तीसाठी बेंटोचे बॉक्स घ्यावे लागतात. मला त्यांचा त्रास झालेला नाही. बॉक्सची आवृत्तीही व्हॅग्रंटफाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे सहकाऱ्याला पुढच्या महिन्यात वेगळंच मशीन मिळणार नाही.

सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये फार काही लागत नाही. एपीटीची (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) यादी ताजी करायची, मग पायथनचं व्हीएनव्ही (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) पॅकेज, बिल्ड-इसेन्शियल, लिबपीक्यूचं डेव्हलपमेंट पॅकेज, पोस्टग्रेस आणि गिट. लिबपीक्यू विसरलात तर सायकोपीजी, म्हणजे पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी, सोर्समधून बांधताना लांबलचक एरर येते आणि तिच्यात खरं कारण तळाशी लपलेलं असतं. २४.०४ वर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पिप चालवलं तर ते नकार देतं आणि वातावरण बाहेरून सांभाळलं जातंय असं सांगतं. तो नकार मोडून काढायचा पर्याय पिपमध्ये आहे, आणि लोक तो सर्रास चिकटवतात. तसं करू नका. व्हर्च्युअल मशीनमध्येसुद्धा व्हीएनव्ही बनवाच, कारण उबुंटूची स्वतःची काही साधनं त्याच पायथनवर चालतात.

स्क्रिप्टबाबत तीन गोष्टींवर लोक हमखास अडतात. व्हॅग्रंट ती स्क्रिप्ट रूट म्हणून चालवतं. व्हीएनव्ही बनवणं आणि पिप इन्स्टॉल त्याच स्क्रिप्टमध्ये टाकलं तर सगळ्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे साधं पॅकेज घालतानाही परवानगी नाकारली जाते. म्हणून स्क्रिप्ट दोन करा, एक रूटची आणि दुसरी प्रिव्हिलेज्ड बंद करून साध्या वापरकर्त्याची. दुसरं, ही स्क्रिप्ट पहिल्या व्हॅग्रंट अपलाच चालते. नंतर बदल केला तर व्हॅग्रंट प्रोव्हिजन वेगळं चालवावं लागतं, आणि तेव्हा ती दुसऱ्यांदा चालणार असते. डेटाबेसचा वापरकर्ता आधीच असेल तर बनवू नये, एवढी काळजी तिने घेतली पाहिजे. तिसरं, ओळींचे शेवट. विंडोजवर गिट बऱ्याचदा फाइल्समध्ये सीआरएलएफ, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा ओळीचा शेवट, घालतं. प्रोव्हिजनची स्क्रिप्ट पाठवताना व्हॅग्रंट ते स्वतः दुरुस्त करतं, म्हणून ती चालते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो, पण विंडोजवरून आत आलेली दुसरी एखादी शेल स्क्रिप्ट मात्र इंटरप्रिटर सापडत नाही म्हणून मरते. गिट अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ, म्हणजे लिनक्सचा शेवट, सक्तीचा करा आणि विषय संपवा.

पोस्टग्रेस जोडताना पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड ही एरर जवळपास नक्की भेटेल. पासवर्ड बरोबर असतो, वापरकर्ता असतो, तरी नकार. कारण जँगोच्या डेटाबेस सेटिंगमध्ये होस्ट रिकामा ठेवला की जोडणी युनिक्स सॉकेटवरून जाते, आणि उबुंटूवर सॉकेटसाठी पोस्टग्रेस पासवर्ड विचारतच नाही. लिनक्सचा वापरकर्ता आणि डेटाबेसचा वापरकर्ता एकाच नावाचे आहेत का एवढंच बघतं. होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहा, मग जोडणी नेटवर्कवरून जाते आणि पासवर्ड लागू होतो. पोस्टग्रेसच्या परवानग्यांची फाइल उघडून सगळीकडे ट्रस्ट लिहिणारी उत्तरं सापडतील, त्यांच्या नादी लागू नका. डेटाबेसच्या वापरकर्त्याला क्रिएटडीबीचा अधिकारही द्या, कारण जँगोच्या चाचण्या प्रत्येक वेळी स्वतःचा वेगळा डेटाबेस बनवतात. साइट चालते पण टेस्ट चालत नाहीत, असं झालं तर बहुतेक वेळा हाच अधिकार राहिलेला असतो.

घड्याळाबद्दल एकच परिच्छेद. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की गेस्टचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं. मग लॉगिनचं टोकन अजून वैध झालेलं नाही असं म्हणतं, एपीटी रिलीज फाइल भविष्यातली आहे म्हणून अडतं. कोडमध्ये दोष शोधायला बसण्यापूर्वी दोन्हीकडची वेळ बघा. गेस्ट अ‍ॅडिशन्स नीट चालू असतील तर वेळ आपोआप जुळते. नसेल तर व्हॅग्रंट रिलोड पुरतं. आणि एनपीएमचा बिल्ड मधेच नुसतं किल्ड असं छापून थांबला तर ती मेमरी संपल्याची खूण आहे, पॅकेजमध्ये दोष शोधू नका, मशीनची रॅम वाढवा किंवा स्वॅप द्या.

आता डॉकरचा प्रश्न. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप साधारणपणे डब्ल्यूएसएल २ वर चालतं, आणि डब्ल्यूएसएल २ हे स्वतःच एक हलकं व्हर्च्युअल मशीन आहे. म्हणजे दोन संगणक राहतातच. कंटेनरमधला रनसर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तिथेही पान उघडत नाही, आणि विंडोजच्या सी ड्राइव्हवरचा कोड कंटेनरमध्ये जोडला तर तिथेही तोच संथपणा येतो. आज जी वाटणी ठरलेली नाही ती तिथेही ठरवावीच लागेल, शिवाय इमेज, व्हॉल्यूम आणि कंपोज शिकण्याचं ओझं वर. तुमची साइट प्रत्यक्षात कंटेनरमध्ये चालणार असेल, किंवा जँगोच्या जोडीला रेडिस, सेलरी, शोधाचं इंजिन असा लवाजमा असेल, तर डॉकर जरूर घ्या. एका उबुंटू सर्व्हरवर जँगो आणि पोस्टग्रेस, एवढंच असेल तर व्हर्च्युअल मशीन तुमच्या सर्व्हरच्या जास्त जवळचं आहे: तेच एपीटी, तेच सिस्टमडी (सर्व्हरवरच्या सेवा चालू ठेवणारं), तीच लॉगची जागा. सर्व्हरवर चढवण्याची तालीम घरीच होते.

खरा पर्याय शोधायचाच असेल तर तो नुसतं डब्ल्यूएसएल २ हा आहे. सुरू व्हायला झटपट, रॅम लागेल तशी घेतं, लोकलहोस्ट बहुधा आपोआप जुळतं, आणि २०२२ पासून त्यात सिस्टमडीही चालतं. कोड तिथेही लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवावा लागतो. माझी तक्रार एवढीच की ते टाकून देऊन पुन्हा बनवण्याची शिस्त लोक तिथे पाळत नाहीत. सगळे प्रोजेक्ट एकाच उबुंटूत साचतात आणि काय कशासाठी घातलं ते कोणालाच आठवत नाही. शिस्त तुमची तुम्ही लावणार असाल तर एकट्या माणसाला ते पुरेसं आहे. फक्त व्हर्च्युअलबॉक्स चालू ठेवून बाजूला डब्ल्यूएसएल २ सहज करून बघू नका, वर सांगितलेलं कासव तेव्हाच येतं.

आत्ताच्या मशीनचं काय करायचं तेही सांगतो, कारण घाईत डिस्ट्रॉय चालवाल. आधी गेस्टमध्ये पीजी-डंप चालवून डंप शेअर्ड फोल्डरमध्ये टाका. मीडियामध्ये अपलोड केलेल्या फाइल्स असतील तर त्याही तिथेच कॉपी करा. गिट स्टेटस बघा, गिटने दुर्लक्ष करायला सांगितलेल्या एन्व्हायर्नमेंटच्या फाइलमधली गुपितं वेगळी उतरवून घ्या, सगळ्या ब्रँच पुश करा. नवी व्हॅग्रंटफाइल आणि दोन स्क्रिप्ट लिहून त्यांच्यावरून वेगळ्या फोल्डरमध्ये दुसरं मशीन उभं करा. जुनं चालूच असेल तर होस्टचं ८००० पोर्ट आधीच अडलेलं असेल, तेवढ्यापुरतं नव्याला ८००१ द्या. नव्या मशीनमध्ये तो डंप भरून साइट उघडली, लॉगिन झालं, चाचण्या हिरव्या आल्या, की जुन्या फोल्डरमध्ये जाऊन डिस्ट्रॉय चालवा. नवं मशीन पहिल्या फटक्यात नीट उभं राहिलं नाही तर हाताने आत शिरून दुरुस्ती करू नका; स्क्रिप्ट दुरुस्त करा, नवं मशीन पाडा आणि पुन्हा उभं करा. कुठे अडलात तर ब्राउझरचा नेमका संदेश आणि गेस्टमध्ये कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय याची यादी, एवढं दोन्ही लिहा, म्हणजे अंदाज बांधत बसावं लागणार नाही.